व्हीटीई लायब्ररी वेगळ्या पॅकेजमध्येच असावी

व्हीटीई ही लायब्ररी, म्हणजे टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) मजकूर दाखवणारा सामायिक कोड, प्रत्येक टर्मिनलच्या पॅकेजमध्येच (इन्स्टॉल करायच्या संचातच) का घालू नये, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ग्नोम टर्मिनल, एक्सएफसीई टर्मिनल आणि टिलिक्स हे तिन्ही प्रोग्राम हीच लायब्ररी वापरतात. त्यामुळे तिच्यात सुरक्षेची चूक सापडली तर डेबियन या लिनक्स प्रणालीमध्ये एकच पॅकेज बदलावे लागते आणि उघडे टर्मिनल बंद करून पुन्हा सुरू केले की तिन्ही सुधारतात. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात वीज गेली की मोबाइलचे नेटवर्कही जाते, म्हणून मी अपडेट मध्यरात्रीनंतर उतरवतो. येथे एकाऐवजी तीन पॅकेजेस ही मोठीच अडचण आहे.

मात्र लायब्ररीच्या पॅकेजच्या नावाकडे नीट लक्ष द्यावे. एबीआयची, म्हणजे तयार प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातल्या जोडणीची, सुसंगती मोडली की सोनेम (लायब्ररीच्या फाइलमधले आवृत्तीदर्शक नाव) बदलते, आणि त्याबरोबर पॅकेजचे नावही बदललेच पाहिजे; अन्यथा जुनी फाइल पुसली जाऊन तिच्यावर अवलंबून असलेले प्रोग्राम सुरूच होत नाहीत. हेडर फायली (लायब्ररी वापरून नवा प्रोग्राम बांधताना लागणाऱ्या) अर्थातच निराळ्या डेव्ह पॅकेजमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीच्या पॅकेजमध्ये.

एक कळकळीची विनंती आहे. लायब्ररीची चाचणी करताना टर्मिनलमध्ये 'विदर्भ' हा शब्द टाइप करून कर्सर एकेक घर मागे न्यावा. टर्मिनल अक्षरे सारख्या मापाच्या घरांत मांडते; पहिली वेलांटी आणि रफार त्या घरांच्या जाळीत कुठे बसतात, हे इंग्रजी मजकुरावरून कळत नाही.