महोत्सवाच्या पोस्टरच्या तळाशी छापलेले बँड : आधी ऐकून जावं की कोऱ्या कानांनी?

तळओळ :
फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस 'द फेस्ट' हा संगीत महोत्सव भरतो. 2002 पासून, मधलं 2020 वगळता, दरवर्षी. पंक (वेगवान, खरखरीत रॉक) आणि इमोच्या (पंकमधूनच निघालेलं भावनाप्रधान संगीत) चाहत्यांना नवे बँड सापडायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. कारण इथे एक मोठं मैदान आणि एक मोठा स्टेज असा प्रकार नाही. बो डिडली प्लाझा हा चौक उघड्यावर, बाकी सगळं गावाच्या मध्यातल्या क्लब आणि बारमध्ये, चालत जाण्याच्या अंतरावर.

पण माझं ठाम मत आहे की तयारी न करता जाणारा माणूस ओळखीचेच बँड ऐकून परततो. मनगटावर प्रवेशाचा पट्टा असला तरी खोली भरली की दारावर थांबवतात, एक बाहेर आला की एक आत. त्या रांगेत अर्धा तास गेला की एक सेट, म्हणजे एका बँडचा कार्यक्रम, बुडाला. अकरा तास फिरलात तरी चालणं, खाणं आणि रांगा वजा जाता दिवसाला 10-12 सेटच पूर्ण ऐकून होतात.

म्हणून हिशेब असा. पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले 150 अनोळखी बँड घ्या. प्रत्येकाची दोन गाणी, प्रत्येकी दीड मिनिट. एकूण साडेसात तास. रोज पाऊण तास दिला तर दहा दिवसांत संपतं. रेकॉर्डवरचं पहिलं गाणं घेऊ नका, इमोमध्ये ते बऱ्याचदा मिनिटभराची नुसती प्रस्तावना असते. दुसरं आणि शेवटचं घ्या. तीनच खुणा करा : नक्की, जमलं तर, नाही. मग वेळापत्रक आलं की 'नक्की'वाले आधी बसवायचे.

रांगेतला :
सहमत नाही. दीड मिनिटात इमोचं गाणं कळतच नाही. त्यातली बरीच गाणी सुरुवातीला गिटारच्या बोटकामावर चालतात, आवाज चढतो तो शेवटच्या मिनिटात. तुमच्या चाळणीतून वाचतात ते पहिल्या दहा सेकंदांत पकडणारे बँड, म्हणजे पॉप-पंककडे (पंकच्या गोड, चटकन लक्षात राहणाऱ्या चालींकडे) झुकणारे. बाकीचे 'नाही'मध्ये पडतात आणि मग त्यांच्या खोलीकडे तुमचे पाय वळतच नाहीत.

दुसरं, तळाशी नाव आहे म्हणजे बँड नवा, असं नाही. वीस वर्षांपूर्वी थांबलेले आणि पुन्हा जमलेले बँडही बारीक अक्षरांत असतात. बऱ्याच पोस्टरांवर खालची नावं वर्णानुक्रमाने लावलेली असतात, त्यावरून काहीच ठरत नाही. आधी पहिल्या रेकॉर्डचं साल बघा.

माझा उपाय साधा आहे : एक लहान खोली धरा, दुपारी पहिल्या सेटला आत शिरा आणि सलग चार बँड तिथेच ऐका. रांग नाही, चालणं नाही, आणि ज्यानं त्या खोलीचं वेळापत्रक लावलं त्याचे कान तुम्हाला फुकट मिळतात.

कन्सोल :
रांगेतला यांचा पहिला मुद्दा बरोबर, उपाय अर्धाच बरोबर. फेस्टिव्हलमधला पंचवीस-तीस मिनिटांचा सेट बँडची पारख करायला फार फसवा असतो. का ते सांगतो.

दोन बँडांमध्ये दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्यात साउंडचेक होत नाही, लाइनचेक होतो, म्हणजे प्रत्येक वाहिनीतून आवाज येतोय एवढंच बघतात. लहान खोलीत ड्रम आणि गिटारचे अँप्लिफायर स्वतःच्या जोरावरच भरून राहतात, स्पीकरमधून मुख्यतः गायकाचा आवाज. तो वाढवायला गेलं की मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारतो. मग आवाज खाली ठेवावा लागतो आणि शब्द बुडतात. पहिली दोन गाणी ऐकून 'गायक कच्चा आहे' म्हणणारे बहुतेकदा खोलीचा दोष गायकावर टाकत असतात. तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबा, तोवर आवाजाच्या मिक्सरवरचा माणूस सावरलेला असतो. आणि स्टेजला चिकटून उभं राहू नका. मिक्सरच्या जवळ, मध्यावर उभे राहा.

मिडवेस्ट इमोची (अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातून आलेली इमोची शाखा) आणखी एक अडचण आहे. 'अमेरिकन फुटबॉल' या बँडच्या 1999 च्या रेकॉर्डपासून एफ-ए-सी-जी-सी-ई ही गिटारच्या तारांची जुळणी घरोघरी गेली. नेहमीच्या जुळणीतली सहावी आणि दुसरी तार अर्धा स्वर वर, चौथी एक स्वर खाली. मोकळ्या तारा घुमत राहतात आणि दोन बोटांत तो चमचमता नाद निघतो. पण गर्दीने तापलेल्या खोलीत तारा सरकतात, आणि मोकळी तार बेसूर झाली तर ती लपवायला जागाच नसते. म्हणून दर गाण्याला ट्यूनर पेडलवर (तारा जुळवायच्या यंत्रावर) पाय. दोन गिटार आणलेला बँड सलग वाजवतो, एकच आणलेला थांबत-थांबत वाजवतो. नव्या बँडकडे सहसा एकच असते, त्या थांबण्याला तयारीचा अभाव समजू नका.

कानांचंही सांगतो. 100 डेसिबलला सुरक्षित वेळ फक्त 15 मिनिटं, लहान क्लबात एवढा आवाज सहज होतो. फोमचे बोळे वरच्या पट्टीचे सूर जास्त कापतात, त्यामुळे शब्द आणखी पुसट होतात. संगीतासाठीचे, 15-20 डेसिबल सगळीकडे सारखे कापणारे प्लग घ्या.

शिक्का :
पोस्टर वर-खाली चाळण्यापेक्षा रेकॉर्ड लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, बघा. बँडच्या नावाशेजारी लेबल काढलंत की अर्धं काम झालं. काउंटर इंट्युइटिव्ह या लेबलने मॉम जीन्स आणि ओरिगामी एंजल या बँडांच्या रेकॉर्ड ते मोठे व्हायच्या आधी काढल्या. रन फॉर कव्हर, टॉपशेल्फ, काउंट युअर लकी स्टार्स यांच्या यादीतही तसंच. गेन्सव्हिलच्याच नो आयडिया लेबलने 'अगेन्स्ट मी!' या बँडचा पहिला अल्बम 2002 मध्ये काढला. लहान लेबल चालवणारा स्वतःच्या खिशातून टेप आणि रेकॉर्ड छापतो, त्यामुळे तो दहादा ऐकून ठरवतो. तुमच्या दीड मिनिटापेक्षा त्याच्या निवडीवर माझा जास्त भरवसा.

तळघर :
आणि लेबलपर्यंत पोचलेला बँड 'नवा' कसा? पंक-इमोचे बँड तयार होतात घरांच्या तळघरांत आणि भाड्याच्या हॉलमध्ये. फेस्टपर्यंत येतो तो निदान एक-दोन दौरे केलेला बँड. फेस्टिव्हल हे शोधायचं ठिकाण नाही, शोध लागल्याची पावती आहे. खरंच नवं हवं असेल तर फेस्टमध्ये आवडलेल्या बँडच्या जुन्या कार्यक्रमांची हस्तलिखित पोस्टरं त्यांच्या पानावर बघा. त्यांच्या आधी वाजवणारं, त्यांच्याच गावचं तिसरं नाव धरा. तो धागा खरा.

आठवा_बोगदा :
मी पुण्यातून विचारतो. फेस्टला जाणं शक्य नाही. यादी हातात आहे, पुढे काय करावं? प्लेलिस्ट पुरेशी आहे का?

तळओळ :
@आठवा_बोगदा, प्लेलिस्ट ऐकायला चालेल, पण बँडला त्यातून काही मिळेल असं धरू नका. 2024 पासून स्पॉटिफायवर आधीच्या 12 महिन्यांत 1,000 वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधनच नाही, आणि तळाच्या ओळीतल्या कितीतरी बँडांची गाणी त्याच टप्प्यात असतात. बँडकॅम्पवर (बँडकडून थेट संगीत विकत घेण्याची साइट) डिजिटल अल्बम घ्या. एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मागवलीत तर टपाल रेकॉर्डपेक्षा महाग पडू शकतं. 'बँडकॅम्प फ्रायडे' म्हणून जाहीर झालेल्या शुक्रवारी कंपनी आपला हिस्सा सोडते. तो दिवस पॅसिफिक वेळेने मोजतात, त्यामुळे आपल्याकडे अमेरिकेच्या उन्हाळी वेळेत शुक्रवार दुपारी 12:30 ते शनिवार दुपारी 12:30, हिवाळ्यात तासभर उशिरा. शुक्रवारी सकाळी घाईने घेतलंत तर हिस्सा कापला जातो.

शोधायची युक्तीही तिथेच आहे. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची चित्रं दिसतात. ज्यानं तुमच्या आवडीचे तीन अनोळखी अल्बम घेतलेत त्याचा संग्रह उघडा. तळघर यांच्या तिसऱ्या नावाइतकंच हे हमखास आहे.

रांगेतला, दीड मिनिटाबद्दलचा आक्षेप मान्य. शेवटच्या गाण्याचं शेवटचं दीड मिनिट ऐकायचं, हा बदल मी करतो. पण कोऱ्या कानांनी एका खोलीत चार सेट बसणं मला अजूनही पटत नाही. चारातले दोन स्का-पंकचे (ट्रम्पेट-ट्रॉम्बोन घेतलेलं नाचरं पंक) निघाले आणि तुम्हाला इमो हवं होतं, तर दुपार गेली.

रांगेतला :
स्का-पंकचे दोन निघाले तर तेही ऐकावेत. लेस दॅन जेक हा स्का-पंक बँड याच गावचा. गेन्सव्हिलला जाऊन फक्त इमोची यादी पुरी करणं म्हणजे गावातलं निम्मं संगीत दाराबाहेर ठेवणं, आणि तुमच्या तीन खुणांच्या चाळणीत ते पहिल्याच दिवशी 'नाही'त जातं.

कन्सोल :
वादात एक राहिलं. सेट आवडला तर सामान आवरेपर्यंत थांबा आणि मर्चच्या (बँडच्या वस्तू विकण्याच्या) टेबलावर टेप किंवा टी-शर्ट घ्या. सुटे डॉलर जवळ ठेवा, गर्दीत कार्डचं यंत्र नेटवर्कअभावी अडतं. आणि बँडच्या नावाचं स्पेलिंग तिथेच फोनमध्ये लिहून घ्या. इमो बँडांची नावं अख्खं वाक्य असतात, रात्री आठवून शोधलं की भलताच बँड निघतो.