पार्किंगमधला माळढोक

सेक्रेटरी (बी-१०१): जिन्याखालची माझी दोन महिन्यांची रद्दी कोणी नेली? रद्दीवाला दारात उभा आहे.

सुनंदाकाकू (ए-२०४): भाऊ, ती आमच्या टबात भिजायलीय 🙈 पोरं म्हणाली, काका हो म्हणाले.

सेक्रेटरी: मी "बघू" म्हणालो होतो. निदान विचारायचं तरी!

प्राजक्ता (सी-२०३): नेकचंदनी कुठं विचारलं होतं? १९५७ पासून चंदीगडला सरकारी जागेत गुपचूप फुटक्या बांगड्या-फरश्यांचे पुतळे करत बसले. १९७६ ला तेच रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं 😄

सेक्रेटरी: ते ठीक आहे. माझी रद्दी?

नागेश (सी-३०२): माळढोक करायलेत ओ पोरं. मी कारखान्यातून सुताचे रिकामे कोन दिले पोतंभर. कागदीच असतात, एकात एक बसवले की मान तयार. पंखांना टॉवेलच्या कडांच्या चिंध्या. लई भारी दिसायलंय.

प्राजक्ता: भारी आहे, पण पोटाला बुरशी आलीय. वास बघा जरा.

आजोबा (ए-१०२): खळीत चिमूटभर मोरचूद टाका. आमच्या बाइंडिंगच्या दुकानात तशीच करायचो, किडा फिरकायचा नाही.

सुनंदाकाकू: नको ओ आजोबा, विषारी असतंय ते. ही पोरं खळीची बोटं चाटायलेत. मी लगद्यात मेथीची पूड घातलीय, आई टोपल्या लिंपताना घालायची. चूक वेगळीच झाली. काल पोटावर बोटभर जाड लगदा थापला, वरून खडखडीत, आत ओलाच. तेवढा खरवडून काढला. आता पट्ट्यांचे दोन-दोन थर आणि मधे ऊन. उन्हाला काय तोटा आहे आपल्याकडं!

नागेश: 📷

आजोबा: पायाला चार बोटं का? माळढोकाला तीनच, तिन्ही पुढं. मागचं बोट नसतं, म्हणून तो झाडावर बसत नाही. नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, त्यानंतर दोनेक वर्षांनी आम्ही सायकलवर गेलो होतो. गवतात कमरेएवढा उभा होता, आधी वासरू वाटलं.

प्राजक्ता: आजोबा, चौथं बोट आमच्या चिऊनं केलं होतं. रडतेय.

आजोबा: तिला माझ्याकडं पाठव. अंडं करू म्हणावं. एकच घालतो तो, जमिनीवर.

सेक्रेटरी: आणि तो पुढं झुकलाय ते?

नागेश: पोटात वाळूची बाटली आहे, तिचा भार. वाळू खालच्या डब्यात भरतो, पाय त्यात रोवतो.

सेक्रेटरी: आज रात्रीच करा. उद्या पाणी येणार, टाकी वाहिली की पार्किंगभर होतं. जिन्याखाली ठेवा त्याला, जागा रिकामीच आहे आता.