निर्जंतुकीकरण विभागातली नोकरी ‘प्रभूची सेवा’ कशी?

वाफेवरचा (प्रश्न)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी पुण्यातील एका रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात अकरा वर्षे काम करीत आहे. शस्त्रक्रियागृहातून आलेली उपकरणे धुणे, मोजणे, कापडात बांधणे आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) लावणे, एवढेच माझे काम. फोर्सेप्सची (शस्त्रक्रियेच्या चिमट्याची) बिजागरी उघडून ब्रशने घासली नाही, तर सांध्यात सुकलेले रक्त तसेच राहते. गाठोड्यावरची पट्टी मात्र वाफ लागली की काळी पडते आणि गाठोडे तयार दिसते. म्हणजे मी काम मनापासून केले की नुसते उरकले, हे त्या पट्टीलाही कळत नाही आणि सर्जनलाही.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) ‘सेवा’ हा शब्द पाळक, सुवार्तिक आणि संडे स्कूलच्या शिक्षिका यांच्यापुरताच वापरला जातो. आम्ही नोकरदार म्हणजे दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देणारे. त्यात आणखी एक सल आहे. या नोकरीआधी मी एका ख्रिस्ती संस्थेच्या दवाखान्यात होतो. तेथे जादा तासांचा मोबदला मागितला, तेव्हा वरिष्ठांनी मला कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील ‘प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ हे वचन ऐकवले आणि विषय संपवला. तेव्हापासून ते वचन कानावर आले की मला देव आठवण्याऐवजी हजेरीपुस्तक आठवते. माझ्या कामाला श्रद्धेमुळे खरोखर काही अर्थ येतो, की ही केवळ कमी पगारात समाधान मानायला लावणारी भाषा आहे?

निवृत्त पाळक

भाऊ, सलाम. यात पहिला दोष आम्हा व्यासपीठावरच्या लोकांचा आहे, हे आधी मान्य करतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मनुष्याला एदेन बागेत ठेवतो, तो तिची मशागत व राखण करण्यासाठी. ‘मशागत’ या शब्दाच्या मागे मूळ हिब्रूत ‘अवाद’ हे क्रियापद आहे, आणि पुढे देवाची सेवा किंवा उपासना करणे यासाठीही तेच क्रियापद येते. शेत कसणे आणि देवाची सेवा करणे यांना एकच शब्द असणारी ती भाषा आपल्या धर्मग्रंथाची भाषा आहे, आणि तरीही आपण ‘सेवा’ हा शब्द रविवारपुरता कोंडून ठेवला. घाम आणि काटेकुसळे तिसऱ्या अध्यायात, पतनानंतर, म्हणजे मनुष्याने देवाची आज्ञा मोडल्यावर येतात; काम त्याच्याही आधीचे आहे.

नासरेथचे लोक येशूविषयी ‘हा सुतार ना?’ असे म्हणाले, ते कौतुकाने नव्हे. प्रेषित पौल करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवीत असे, आणि ज्या जगातील प्रतिष्ठित वर्ग हातकामाला हलके मानत होता, त्या जगात तो आपल्या हातांच्या कष्टांविषयी उघडपणे लिहितो. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथर याचा १५२२ सालचा विवाहाविषयीचा एक लेख आहे. त्यात तो बाळाची लंगोटी धुणाऱ्या बापाचे उदाहरण घेतो आणि म्हणतो, की लोक त्या बापाला खुशाल हसोत. देव मात्र आपल्या दूतांसह त्याच्याकडे पाहून आनंदाने हसतो, कारण तो बाप हे काम विश्वासाने करीत आहे. तुमच्या विभागातील धुण्याशी याचे नाते मी वेगळे सांगायला नको.

आता त्या वचनाविषयी. तुम्हाला ते मधूनच तोडून ऐकवले गेले. त्याच्या आधीच्याच ओळीत ‘तोंडदेखल्या चाकरीने नव्हे’ असे आहे. तुमच्या बिजागरीचा प्रश्न तो हाच. आणि पुढच्याच अध्यायाची पहिली ओळ धन्यांना उद्देशून आहे: दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण स्वर्गात तुमचाही धनी आहे. ज्यांनी तुम्हाला पहिला भाग वाचून दाखवला, त्यांच्यासाठी हा दुसरा भाग लिहिलेला होता. याकोबाच्या पत्रात तर मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी जातो.

नेवाशाकडची

पाळकसाहेबांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण लूथरचे नाव निघाले म्हणून एक सावधगिरी नोंदवते. आपल्या बायबलमधला ‘पाचारण’ (देवाचे बोलावणे) हा शब्द पहिल्या करिंथकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातही आहे: ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्याच स्थितीत राहावे. याच वचनाच्या आधारे पुढे ‘प्रत्येकाचा व्यवसाय हेच देवाचे पाचारण’ असे युरोपात शिकवले गेले. पण हेच वाक्य आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावात उभे करून पाहा. माझ्या पणजोबांच्या वाट्याला आलेले काम जन्माने ठरलेले होते: मेलेली जनावरे ओढणे, सरकारी टपाल घेऊन धावणे, आणि बदल्यात शिळे मागून आणणे. ‘त्याच स्थितीत राहा’ असे त्यांना कोणी सांगितले असते, तर ती सुवार्ता ठरली नसती. त्यांच्यापर्यंत सुवार्ता आली ती मिशनच्या शाळेतून, आणि आमच्या घरात ख्रिस्ती होण्याचा पहिला व्यवहारी अर्थ ते काम सोडणे हाच होता. कनिष्ठ गाववतने, म्हणजे अशी जन्माने बांधलेली गावकामे, कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. आमच्या घराने ती त्याआधीच टाकली होती.

पौल पुढच्याच ओळीत म्हणतो, की मोकळे होता येत असेल तर अवश्य व्हा. म्हणून वाफेवरचे भाऊ, मला वाटते प्रतिष्ठा कामात नसते, ती काम करणाऱ्या माणसात असते, कारण तो देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेला आहे. काम त्याच्यामुळे मोठे होते. कामामुळे तो लहान होत नाही. याच कारणाने जादा तासांचे पैसे मागणे ही श्रद्धेची कमतरता नाही. पुढे कोणी वचन ऐकवले तर शांतपणे त्याच कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडून द्यावा, आणि अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी.

वसईची वाडीवाली

जय येशू. मी कॅथलिक आहे, त्यामुळे दोन गोष्टी आमच्या बाजूच्या. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये १ मे हा दिवस कामकरी संत योसेफ यांचा सण म्हणून ठरवला. कामगारदिनी चर्चमध्ये सुताराला ओवाळायचे (आमच्याकडे मिस्सानंतर फोटोच जास्त निघतात, ते असो), हे मला लहानपणापासून आवडते.

दुसरी गोष्ट खास तुमच्यासाठी. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमांत कोठारप्रमुखाला अशी आज्ञा आहे, की त्याने मठातील सर्व भांडी आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखे मानावे. कुदळ, कढई, चषक, सगळ्यांना एकच नजर. धर्मगुरू मिस्सानंतर चषक धुऊन पुसतात, ते मी वर्षानुवर्षे पाहते आहे. तुमच्या ट्रेमधली उपकरणे त्यापेक्षा कमी काळजीने धुवावीत, असे बेनेडिक्ट यांनी खात्रीने म्हटले नसते.

आणि पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेले केडगावचे मुक्ती मिशन विसरू नये. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबलचे भाषांतर केले, पण ते छापले गेले ते तिथल्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातांनी. दुष्काळातून आलेल्या मुली, घराने अपशकुनी ठरवलेल्या विधवा. त्यांनी छपाईच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवल्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्या पानांवर खिळे जुळवणारणीचे नाव नाही. पण एक काना चुकला असता तर वचन चुकले असते, हे तिला ठाऊक होते.

वाफेवरचा

सर्वांचे आभार. नेवाशाकडच्या ताई, अर्जाची पोच घेण्याचा सल्ला तेव्हा मिळाला असता तर बरे झाले असते. त्या जागेचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असा आग्रह तुमच्यापैकी कोणी धरला नाही, हे मला बरे वाटले.

आमच्याकडे एक नवा मुलगा लागला आहे. काल त्याने विचारले, ‘दादा, पट्टी तर काळी होतेच, मग बिजागरी रोज उघडायची कशाला?’ मी त्याला घासलेली आणि न घासलेली अशा दोन फोर्सेप्स दिव्याच्या भिंगाखाली धरून दाखवल्या. तो बराच वेळ पाहत राहिला, आणि मग त्याने आधी बांधून ठेवलेली तीन गाठोडी स्वतःहून सोडली.