मित्रांसोबत बाहेर जेवताना गप्पा तुटतात, काय करायचं?

आमचा आठ जणांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा जवळच्याच हॉटेलात भेटतो पण हल्ली अर्धे या टोकाला अर्धे त्या टोकाला, नीट बोलणंच होत नाही. वाईट वाटतं यार.

>> चारच्या वर माणसं झाली की गप्पा आपोआप फुटतातच. गोल टेबल मागा, गर्दीच्या आधी जा म्हणजे आवाज कमी असतो, आणि अर्ध्या जेवणात जागा बदला, आम्ही करतो, खरंच फरक पडतो.

>> मला तर सकाळची बेकरीच आवडते! भट्टीतून नुकताच निघालेला ब्रेड सगळ्यांनी मिळून खायचा. उरला तर फ्रिजमध्ये ठेवू नका हं, तिथे लवकर शिळा होतो, फ्रीझरमध्ये चालतो.

>> जागा बदलायचं सुचलंच नव्हतं, रविवारी करून बघतो.