तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांशी घरच्यांनी कसे वागावे?

गोदाकाठ:
नमस्कार. माझ्या वडिलांच्या (वय ५८, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) डाव्या गालाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया मुंबईत होऊन आज २६ दिवस झाले. गालाचा आतला भाग, खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या असून छातीचे मांस फिरवून गाल पुन्हा तयार केला आहे. आहार अजून नाकातल्या नळीनेच चालू आहे. बोलणे नीट समजत नसल्याने ते माझ्या मुलीच्या पाटीवर लिहितात.

जखम चांगली भरते आहे, परंतु घराची घडी मात्र विस्कटली आहे. आई त्यांच्यासमोर जेवत नाही. मागच्या पडवीत बसून घाईघाईने दोन घास खाते, आणि आम्हीही ताटे घेऊन आतल्या खोलीत जातो. भेटायला येणाऱ्यांना त्यांच्या वतीने आम्हीच उत्तरे देतो. परवा काका "झोप लागते का?" असे विचारत होते आणि मी उत्तर देत होतो, तेव्हा अण्णांनी पाटीवर "मला विचारा" एवढेच लिहिले आणि पाटी पालथी ठेवली.

एका गाठीत आजार आढळल्यामुळे डॉक्टरांनी ३० वेळा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला सांगितले आहे. अण्णा नको म्हणतात आणि धाकट्या भावाच्या मते पेरण्या उरकल्यावर पाहावे. ज्यांनी हे घरात अनुभवले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाई:
दादा, तुमच्या आईंची पडवी वाचून मला माझे स्वयंपाकघर आठवले. माझ्या यजमानांची हीच शस्त्रक्रिया झाली तेव्हा मीही दीड महिना दाराआड जेवत होते आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून हे करते आहे, असे समजत होते. पुढे त्यांनी सांगितले की नळीपेक्षा त्यांना ती रिकामी पंगत जास्त लागली होती. तुमची जेवणाची वेळ आणि अण्णांच्या नळीची वेळ एकच ठेवा आणि सगळे एकत्र बसा. मात्र आधी त्यांना विचारा, कारण काहींना सुरुवातीला वास सहन होत नाही.

नळीचे काम शक्य तितके त्यांच्याच हाती द्या. आमच्याकडे मी मुगाचे कढण, नाचणीची पातळ पेज किंवा दूध-अंडे दोनदा गाळून, कोमट करून आणत असे आणि सिरिंज ते स्वतः धरीत. नाकापाशी नळीवरची खूण जागेवर आहे ना, हे आधी पाहायचे, ताठ बसायचे, पेज जोर न लावता आपोआप उतरू द्यायची, शेवटी पाणी सोडून नळी धुवायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. एकदा मी घाईत दट्ट्या दाबला आणि त्यांना मळमळले, तेव्हापासून त्यांनी सिरिंज माझ्या हातात दिलीच नाही, आणि त्या दिवसापासून त्यांच्या तब्येतीला खरा उठाव आला, असे माझे मत आहे. नळी निसटली तर मात्र घरी परत घालू नका.

एक_रुग्ण:
मी स्वतः या शस्त्रक्रियेतून गेलो आहे, म्हणून अण्णांच्या बाजूने लिहितो. त्यांना कदाचित लाज वाटत असेल. मी २० वर्षे तंबाखू-चुना मळला आणि कोणी काही बोलले नाही तरी प्रत्येकाच्या नजरेत मला तेच दिसत असे. तो विषय घरात उगाळू नका, पण चंची घेऊन येणाऱ्या पाहुण्याला ती उंबऱ्याबाहेर ठेवायला निक्षून सांगा. तंबाखू पुन्हा तोंडात गेली तर आजार उलटण्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की तोंड उघडण्याचा व्यायाम एक दिवसही चुकवू नये. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एक काडी वाढवायची. मी ७ काड्यांवरून १९ वर आलो, आणि तो हिशेब माझा नातू कॅलेंडरवर लिहीत असे. मानेतल्या गाठी काढल्याने खांदा जड होतो आणि हात वर जात नाही, त्यासाठीही फिजिओथेरपिस्टना भेटा. छातीची कातडी असल्यामुळे तोंडात केस उगवलेले दिसले तर घाबरू नका.

परिचारिका_ताई:
वरचे अनुभव योग्यच आहेत. मला फक्त शेकाविषयी कळकळीने सांगायचे आहे की तो पेरण्यांसाठी थांबवू नका. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत तो सुरू व्हावा असा प्रयत्न असतो, आणि तुमचे जवळजवळ चार आठवडे गेले आहेत. त्याआधी दातांची तपासणी व्हायला हवी, कारण किडलेला दात काढायचा असेल तर जखम भरायला वेळ लागतो, आणि शेकानंतर दात काढल्यास जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो.

शेक आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे चालतो. तो जवळच्या शहरात घेता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मुंबईतच घ्यायचा झाल्यास दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत चौकशी करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि रेल्वे सवलतीचा दाखलाही तिथेच मागा. मात्र अण्णा नको का म्हणतात, हे त्यांच्याकडूनच समजून घ्या.

गोदाकाठ:
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री अण्णांना विचारून आम्ही सगळे ओसरीवर एकत्र बसलो. सिरिंज त्यांनी स्वतः धरली, आणि आई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. शेक का नको, असे मी विचारले तेव्हा त्यांनी बराच वेळ लिहिले: "सहा आठवडे तू माझ्याबरोबर, मग कांदा कोण काढणार?" भावाने पाटी वाचली आणि कांद्याचे मी पाहतो असे सांगितले. दातांच्या डॉक्टरांकडे गुरुवारी जातो आहोत.