समीकरणं मोडीत काढायला निघालेल्यांसाठी

शेषपद
परवा इथे 'नवथर_न्यूरॉन' यांनी लिहिलं की हवामानासाठी डिफरन्शियल इक्वेशन्स सोडवत बसायचे दिवस संपले. ग्राफकास्ट हे गुगल डीपमाइंडचं एआय मॉडेल दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत देतं, तेव्हा एमएस्सीच्या पोरांना न्यूमेरिकल अॅनालिसिस (समीकरणं आकडेमोडीनं सोडवायचं शास्त्र) शिकवणं म्हणजे लॉग टेबल पाठ करायला लावणं. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण राग दोन ओळींत मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

एकतीस वर्षं हाच विषय शिकवला आहे, तेव्हा माझा हितसंबंध आहे हे आधीच सांगून टाकतो. आता मला एवढंच सांगा, ग्राफकास्ट शिकलं कशावर? १९७९ ते २०१७ च्या ईआरए-५ वर, म्हणजे जगभरच्या जुन्या हवामानाच्या नोंदसंचावर. आणि ईआरए-५ म्हणजे काय नुसती निरीक्षणं आहेत? ते रीअॅनालिसिस आहे. युरोपीय हवामान केंद्राचं मॉडेल चालवायचं, फुगे, विमानं, जहाजं, उपग्रह यांच्याकडून जे मिळेल ते फोर-डी-व्हार नावाच्या गणिती पद्धतीनं त्यात बसवायचं, आणि जिथे कुणी काही मोजलेलंच नाही तिथे समीकरणं सांगतील ते मानायचं. हिंदी महासागराच्या मधोमध रोज फुगा सोडायला कोण बसलं होतं? तिथला वारा समीकरणांनी भरलाय. म्हणजे आजीच्या हातचं खाऊन वाढलेला नातू आज म्हणतोय, घरात चूल हवीच कशाला!

नवथर_न्यूरॉन
सर, चूल फोडा असं मी म्हटलेलं नाही. रोज धूर का खायचा, एवढंच विचारलं होतं.

'सायन्स'मधला नोव्हेंबर २०२३ चा पेपर बघा. १३८० कसोट्यांपैकी ९० टक्क्यांवर ग्राफकास्टनं युरोपीय केंद्राच्या एचआरईएस या समीकरणांवरच्या मॉडेलला मागे टाकलं. त्या केंद्रानं स्वतःच फेब्रुवारी २०२५ पासून एआयएफएस हे आपलं एआय मॉडेल रोजच्या कामात घेतलंय. ज्यांची चूल, त्यांनीच गॅस घेतला.

आणि तुमचं ते पवित्र भौतिकशास्त्र! बारा किलोमीटरच्या ग्रिडच्या चौकटीत ढग मावतो का? नाही मावत. मग त्याच्या जागी पॅरामीटरायझेशन, म्हणजे ढगाचा ढोबळ हिशेब, घालता, त्यातले आकडे पाऊस बरा दिसेपर्यंत पिळता. तुम्ही पिळलं की भौतिकशास्त्र आणि आम्ही पिळलं की जादूटोणा?

समीकरणवाल्यांची सलामीही आठवा. १९२२ चं रिचर्डसनचं पुस्तक, समीकरणांनी हवामान सांगायचा सुरुवातीचा प्रयत्न. हातानं गणित करून सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलनं वाढेल म्हणाले, प्रत्यक्षात दाब जवळपास जागचा हलला नाही. काय दिवे लावले!

खवचट_खंड
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (मक्याचे. यंदा पाऊस बरा होता.)

फोरट्रान_७७
न्यूरॉनराव, रिचर्डसनवर हसण्याआधी पुढचं प्रकरणही वाचायचं. त्याची समीकरणं चुकली नव्हती. सुरुवातीच्या निरीक्षणांत वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता, त्यामुळे गुरुत्व-लहरींनी (हवेतल्या जलद हेलकाव्यांनी) सगळं गणित गिळलं. पीटर लिंच यांनी तेच आकडे आधी गाळून घेतले आणि त्याचीच पद्धत वापरली, तर उत्तर शहाण्यासारखं आलं. १९५० मध्ये चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी एनियाक या सुरुवातीच्या संगणकावर समीकरणच असं निवडलं की त्या लहरी त्यात नसतातच. याला न्यूमेरिकल अॅनालिसिस म्हणतात. लॉग टेबलात हे नसतं.

पॅरामीटरायझेशनबद्दल मात्र तुम्ही बोललात ते खरं आहे. मी पंधरा वर्षं तो कोड हाताळलाय. त्यात एक स्थिरांक होता, शेजारी कॉमेंट: 'हा बदलू नये'. का, ते लिहिणारा निवृत्त झाला होता.

शेषपद
घरचा भेदी!

बरं, ग्रिड बारीक का करत नाही, हा प्रश्न पोरं नेहमी विचारतात. १२ चं ६ केलं की बिंदू चौपट होतात, आणि कुराँच्या अटीनं (चौकट लहान तर वेळेचं पाऊलही लहान) टाइमस्टेप अर्धी, म्हणजे काम आठपट. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएमनं बनवलेली ६ किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टिम आली, ती ११.७७ पेटाफ्लॉप्सचा 'अर्क' हा सुपरकंप्युटर हाताशी आल्यावर.

फोरट्रान_७७
सर, सेमी-लॅग्रांजियनमध्ये (वाऱ्याचा माग काढत हिशेब करायच्या पद्धतीत) कुराँ इतका जाचत नाही. टाइमस्टेप अर्धी करावीच लागते असं नाही.

शेषपद
माहीत आहे. परीक्षेत हेच लिहिलं असतंत तर एक मार्क जास्त दिला असता. इथे मुद्दा काय चाललाय?

साडेआठ
पीएचडी चालू आहे (कितवं वर्ष ते विचारू नका), म्हणून घाबरत लिहितेय. दोन्ही बाजू मॉडेलवर भांडताहेत. माझे अडीच महिने वेगळ्याच गोष्टीनं खाल्ले.

ईआरए-५ चा पाऊस आपल्या हवामान खात्याच्या ग्रिड केलेल्या पावसाशी ताडून न्यूरल नेटला दुरुस्ती शिकवायची, असं काम होतं. कोरिलेशन (दोन्हींचा मेळ) दयनीय. लेयर वाढवले, लॉस बदलला, गाईडनी तोंड फिरवलं. शेवटी कळलं की आपला पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे) तीन. मी घेतला होता शून्य ते चोवीस यूटीसी. प्रत्येक दिवसाचे एकवीस तास चुकीच्या तारखेत. रकान्याला तारीख होती, वेळ नव्हती. दुरुस्त केल्यावर साधं लिनियर रिग्रेशनसुद्धा आधीच्या नेटपेक्षा बरं निघालं.

त्या दिवशी हा आयडी घेतला.

नवथर_न्यूरॉन
हाहा, टाइमझोननं मलाही बुडवलंय. पण हा मॉडेलचा दोष नाही ना!

शेषपद
कुणी म्हटलं? पण तुमचं नेट तक्रार न करता चुकीचं शिकलं, हे लक्षात घ्या. आमचं मॉडेल निदान फुटतं तरी. स्क्रीनभर नॅन ('हा आकडाच नाही') येतात, माणूस झोपेतून उठून बघतो.

मृगबहार
तुमच्या भांडणात पडायची माझी पात्रता नाही. माणदेशात डाळिंब करतो. पण साडेआठ ताईंनी मोजण्याचा विषय काढला म्हणून लिहितो.

आमच्या महसूल मंडळाचं स्वयंचलित यंत्र एका कडुनिंबाखाली आहे. म्हणजे बसवलं तेव्हा झाड लहान होतं, आता त्याची सावली यंत्रावर असते. दोन वर्षांपूर्वी सलग पाच दिवस झड लागली, बागेत तेल्या रोग पडला, फळं तडकली, निम्मा माल बांधावर टाकला. फळपीक विम्यात आकडा धरतात मंडळाच्या यंत्राचा. यंत्र म्हणालं, पाऊस मर्यादेच्या आत. अर्ज केला, उत्तर आलं की 'यंत्राची नोंद अंतिम'. मी म्हटलं, साहेब, कडुनिंबाचाही विमा उतरवा, पाऊस तर त्यानंच प्यायलाय.

तुमचं ग्राफकास्ट असो की अर्क असो, आमच्यापर्यंत येतो तो त्या झाडाखालचा आकडा.

खवचट_खंड
धाग्याचं शीर्षक बदला: 'समीकरण श्रेष्ठ की कडुनिंब?'

साडेआठ
दादा, नियम असा की अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवा. झाड वीस फुटी असेल तर चाळीस फूट लांब. लेखी तक्रार केलीत का? फोटो, तारीख, झाडाची उंची?

मृगबहार
केली. 'पाहणी करून कळवू.' झाड अजून वाढतंय.

नवथर_न्यूरॉन
वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर हा प्रशासनाचा प्रश्न झाला, कंप्युटेशनचा नाही. अवांतर होतंय.

फोरट्रान_७७
अवांतर?? अहो, हाच तर विषय आहे! २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७३. दोघांत अंतर पंचवीस किलोमीटरही नाही, म्हणजे तुमच्या ईआरए-५ ची जेमतेम एक चौकट. त्या चौकटीत कोणता आकडा लिहाल? सरासरी? त्या सरासरीएवढा पाऊस मुंबईत नेमका कुणाच्या डोक्यावर पडला? त्या दिवशी मी कुर्ल्याला होतो. छातीभर पाण्यातून रात्री घरी पोचलो. मला सरासऱ्या शिकवू नका.

त्यातून तुमची नेटं मीन-स्क्वेअर-एररवर (चुकांच्या वर्गांच्या सरासरीवर) शिकतात. चुकीच्या जागी मोठा पाऊस दाखवला तर दुहेरी दंड, म्हणून ती शहाण्यासारखी सगळीकडे थोडी थोडी भुरभुर दाखवतात. जसजसे दिवस पुढे जातील तसतसं चित्र धुरकट. गुण छान मिळतात, पूर मात्र दिसत नाही.

नवथर_न्यूरॉन
काका, आवाज खाली. धुरकटपणा सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच जेनकास्टसारखी डिफ्युजनवर (गोंगाटातून चित्र घडवण्यावर) चालणारी, एन्सेंबल (एकाऐवजी अनेक शक्य अंदाज) देणारी मॉडेलं आली. 'नेचर', डिसेंबर २०२४. तुम्ही २०२३ शीच भांडत बसलाय.

आणि शेतकऱ्याचंच काढलंत तर ऐका. २०२५ च्या खरिपात कृषी मंत्रालयानं सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सूनचे संदेश पाठवले ते एआय मॉडेलांवरून, न्यूरलजीसीएम आणि एआयएफएस. मे महिन्यात पाऊस धडाक्यात आला, मग मध्येच अडला. तो खंड या मॉडेलांनी आधी ओळखला होता. लोकांनी पेरणी थांबवली असेल, दुबार पेरणीचं बियाणं वाचलं असेल. हे तुमच्या टेलर सीरिजनं नाही केलं.

शेषपद
हाच दाखला देणार याची वाटच बघत होतो! न्यूरलजीसीएम आतून उघडून पाहिलंय? त्याचा गाभा वातावरणाची समीकरणं सोडवतो, तीही चांगल्या जुन्या स्पेक्ट्रल (लहरींची बेरीज करायच्या) पद्धतीनं. नेट बसवलंय ते ढग, पाऊस, प्रारण यांच्या जागी. म्हणजे ज्या लॉग टेबलांवर तुम्ही हसलात त्यांच्यावरच तो संदेश उभा आहे. शिवाय ते शिकवायचं तर समीकरणं सोडवणाऱ्या सॉल्व्हरमधूनच ग्रेडियंट (चूक कुठून आली त्याचा माग) मागे न्यावा लागतो. सॉल्व्हर स्थिर नसेल तर ग्रेडियंटची वाट. स्थिरता कोणत्या विषयात शिकवतात?

नवथर_न्यूरॉन
…बरं. ते वाक्य मागे घेतो. 'लॉग टेबल' जास्त झालं. पण सर, तुम्हीही माना की नेट बसवलं ते नेमकं तिथेच, जिथे 'हा बदलू नये' लिहिलेलं होतं. आणि एआयएफएसमध्ये तर असला गाभाही नाही, तरी तो चालतो.

शेषपद
मानतो. ढगांच्या बाबतीत आम्ही चाळीस वर्षं दुधाची तहान ताकावर भागवली. एआयएफएसचंही मानतो, फक्त तो रोज सकाळी सुरुवात करतो ती आमच्या डेटा असिमिलेशननं (निरीक्षणं मॉडेलात बसवून) काढलेल्या स्थितीवरून, एवढं लक्षात असू द्या. (हे मान्य करताना चहा गार झाला.)

खवचट_खंड
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

फोरट्रान_७७
मघाशी आवाज चढला, त्याबद्दल सॉरी. सव्वीस जुलै म्हटलं की होतं असं.

मृगबहार
तुमचं मिटलं, बरं झालं. मी आता स्वतःच मोजतोय. मोकळ्या रानात, झाडापासून लांब एक डबा ठेवलाय, आत पट्टी चिकटवलीय. रोज बरोब्बर साडेआठला वाचतो, ताईंच्या नियमानं. आज ३४ मिलिमीटर. मंडळाच्या यंत्राचा आकडा आत्ताच आला: १९.

साडेआठ
दादा, वहीत तारखेसोबत वेळही लिहा. प्लीज.

शेषपद
डबा सरळ बाजूंचा आहे की तोंडाशी रुंद? रुंद असेल तर ३४ धरता येणार नाही, तोंडाच्या आणि तळाच्या क्षेत्रफळाच्या गुणोत्तरानं भागावं लागेल.

मृगबहार
सरळ आहे सर. बिस्किटांचा, पत्र्याचा.

शेषपद
गोल की चौकोनी?