शेअर्ड फोल्डर आणि बॅकअप यांच्यात ७३ फायलींची तफावत

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
नमस्कार. आमच्या वास्तुविशारदांच्या कार्यालयात विंडोज सर्व्हरवरील शेअर्ड फोल्डरचा बॅकअप रोज रात्री रोबोकॉपीने (विंडोजमधील फायली कॉपी करण्याची आज्ञा) लिनक्सवर चालणाऱ्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवण-यंत्रावर, घेतला जातो. काल दुपारी दोन्हीकडची प्रॉपर्टीज पाहिली, तेव्हा सर्व्हरवर ४८,२१२ आणि नॅसवर ४८,१३९ फायली दिसल्या. गृहनिर्माण सोसायट्यांची कागदपत्रे त्यात असल्यामुळे हा फरक सोडून देणे मला योग्य वाटत नाही. नेमके काय राहिले आहे, हे कसे शोधावे?

उत्तर (ऐरोली)
केवळ आकड्यावर विसंबू नका. ज्या लॉगिनने प्रॉपर्टीज पाहता, त्याला जी फोल्डरे उघडता येत नाहीत, त्यांतल्या फायली मोजल्याच जात नाहीत. रोबोकॉपीची तीच आज्ञा ‘एल’ आणि ‘एफपी’ हे स्विच जोडून चालवा, म्हणजे काहीही कॉपी न होता, जे कॉपी व्हायचे राहिले आहे त्याची पूर्ण पाथसह (फायलीच्या फोल्डरांसह पूर्ण पत्त्यासह) यादी मिळेल. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमधील शेवटचा निकालही पाहा. तो ८ किंवा त्याहून अधिक असेल, तर काही फायली कॉपी करताना अपयश आले आहे. बॅकअप वेळेवर संपत असेल तर अपयशी फायलीसाठीचे पुनर्प्रयत्न तुम्ही कमी केलेले असणार, कारण मुळात ते १० लाख असतात.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. निकाल ९ आहे. यादीतील ११ फायली टिल्ड-डॉलरने सुरू होणाऱ्या, म्हणजे दुपारी उघड्या असलेल्या वर्ड-एक्सेलच्या तात्पुरत्या फायली निघाल्या. उरलेल्या ६२ मात्र सर्व पुनर्विकासाच्या फोल्डरमधील आहेत. त्यांतील एकीचे नाव असे: ‘सभासदांच्या विशेष सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व पुनर्विकासास संमती देणाऱ्या सदनिकाधारकांची अंतिम यादी’. पाथची २६० अक्षरांची मर्यादा आड येते का?

उत्तर (घणसोली)
नाही, रोबोकॉपी त्याहून लांब पाथ हाताळते. अडचण देवनागरी नावाची आहे. विंडोजमध्ये एका नावाला २५५ चिन्हे चालतात, तर लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-व्यवस्थेत २५५ बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातले हलन्त यांची मोजणीही वेगळी होते. तुमच्या नावात अशी ८८ चिन्हे आहेत, म्हणून २६४ बाइट. त्यात ११ मोकळ्या जागा आणि ‘डॉट पीडीएफ’चे ४ धरले की २७९ होतात. सर्व्हरवर तेच नाव अवघे १०३ चिन्हांचे असल्याने तिथे कोणालाच शंका येत नाही. नावे लहान करा, किंवा मूळ नावे जपायची असतील तर एनटीएफएस (विंडोजची फाइल-व्यवस्था) असलेल्या डिस्कवर बॅकअप घ्या.

प्रश्नकर्ता
६२ नावे ‘विससभा इतिवृत्त’, ‘संमती यादी अंतिम’ अशी लहान केली आणि कोणतेही नाव ६० चिन्हांच्या पुढे जाऊ नये, असे सर्वांना कळवले. आज सकाळी निकाल १ आला. त्या ६२ पैकी ५ फायली नॅसवरून दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहिल्या आणि संमती यादीची सर्व पाने तपासली. ती पूर्ण आहेत.